मुंबई विमानतळ: टी-१ की टी-२? (आणि आता नवी मुंबईसुद्धा)

वऱ्हाडी_वाट
नागपूरहून दुपारी इंडिगोनं मुंबई आणि त्याच रात्री दुसऱ्या कंपनीच्या विमानानं लंडन. तिकिटं दोन, पीएनआर (बुकिंग नंबर) वेगवेगळे. प्रवासी दोघं, दोघंही सत्तरीच्या पुढचे, चेक-इनच्या बॅगा चार. मधे किती वेळ ठेवावा? नागपूरचं विमान मुंबईत कोणत्या टर्मिनलला लागणार, हे आधी कसं कळेल? जिथे विचारावं तिथे "टी-१ डोमेस्टिक, टी-२ इंटरनॅशनल" एवढंच उत्तर मिळतं. ते बरोबर आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहा, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

पार्लेपूर्व
बरोबर नाही, आणि मुंबई विमानतळावर सगळ्यात जास्त घोळ याच एका वाक्यामुळे होतो.

ते वाक्य आलं कुठून ते आधी सांगतो. सांताक्रूझचं टर्मिनल जुनं, १९५८ सालचं. सहारला आंतरराष्ट्रीय टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झालं. त्यानंतरची कितीतरी वर्षं "सांताक्रूझ म्हणजे देशातलं, सहार म्हणजे परदेशी" हे समीकरण पक्कं होतं. टॅक्सीवालेही तेवढंच विचारायचे. पण सहारच्या जागी नवं टी-२ उभं राहिलं (उद्घाटन १० जानेवारी २०१४, वापर १२ फेब्रुवारीपासून) ते मुळातच दोन्ही प्रकारच्या प्रवाशांसाठी आखलेलं होतं. पुढे देशांतर्गत उड्डाणंही टप्प्याटप्प्यानं तिथे आली.

आजची स्थिती अशी. आंतरराष्ट्रीय उड्डाण कुठल्याही कंपनीचं असो, ते टी-२ वरूनच. देशांतर्गत मात्र दोन्हीकडून. एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस टी-२ वर. इंडिगोची देशांतर्गत विमानं काही टी-१ वर, काही टी-२ वर. म्हणजे "टी-१ डोमेस्टिक" हे अर्धसत्य आहे, आणि नागपूर-मुंबई इंडिगो हा नेमका त्या न सांगितलेल्या अर्ध्यात बसणारा प्रवास आहे. टर्मिनल ठरतं ते कंपनी आणि फ्लाइट नंबर यांवरून. प्रवास देशातला आहे की बाहेरचा, एवढ्यावरून नाही.

बोर्डिंगपास
पार्लेपूर्व यांच्या म्हणण्यात भर. टर्मिनल ई-तिकिटावर छापलेलं असतं, मुंबईच्या नावाशेजारी किंवा वेळेच्या खाली. निघण्याचं आणि उतरण्याचं, दोन्ही वेगवेगळं पाहा. लोक फक्त निघण्याचं पाहतात. नागपूर-मुंबई तिकिटावर तुमच्या कामाचं टर्मिनल आहे ते उतरण्याचं.

तिकीट चार-सहा महिने आधी काढलं असेल तर त्यावरचं टर्मिनल शिळं असू शकतं. विमान कंपन्यांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. फ्लाइट नंबर बदलणं, विमान एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाणं, हे बहुतेक याच सांध्यावर घडतं. जानेवारीत काढलेलं मे महिन्याचं तिकीट एप्रिलमध्ये पुन्हा उघडून पाहायलाच हवं. शेवटची खात्री प्रवासाच्या आदल्या दिवशी, कंपनीच्या ॲपवर पीएनआर टाकून. ज्या साइटवरून तिकीट काढलं तिच्या ॲपवर नाही, विमान कंपनीच्याच. बदल तिथे सर्वांत आधी दिसतो. बुकिंगमधला मोबाइल नंबर प्रवाशाचा स्वतःचा ठेवा. एजंटाचा दिला तर बदलाचा मेसेज त्यालाच जातो.

धावपट्टी
दोन टर्मिनलांमध्ये चालत का जाता येत नाही, हे नकाशा पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून लिहितो.

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. मुख्य ०९/२७ पूर्व-पश्चिम, लांबी साधारण ३,४५० मीटर. दुसरी १४/३२, वायव्येकडून आग्नेयेकडे, साधारण २,८७० मीटर. या फुलीमुळे विमानतळाच्या जागेचे चार तुकडे पडतात. टी-१ पश्चिमेच्या तुकड्यात, महामार्गाला लागून. टी-२ ईशान्येच्या तुकड्यात, सहार-मरोळच्या बाजूला. मधे १४/३२ आडवी पडलेली. त्यामुळे टी-१ च्या दारातून निघालेल्या गाडीला धावपट्टीच्या टोकाला वळसा घालून टी-२ ला यावं लागतं. रस्त्यानं अंतर चार-पाच किलोमीटर. पहाटे तीनला पंधरा मिनिटं पुरतात, संध्याकाळी सातला पाऊण तास लागला तरी नवल नाही, कारण तो रस्ता विमानतळाचा खासगी नाही. पार्ले-अंधेरीची सगळी रहदारी त्यावर असते.

इतर मोठ्या विमानतळांवर टर्मिनलं एकाच रांगेत किंवा आत धावणाऱ्या गाडीनं जोडलेली असतात. तो अनुभव घेऊन आलेला माणूस मुंबईत "टर्मिनल बदलायचंय ना, वीस मिनिटं" असं गृहीत धरतो आणि तिथेच अडकतो.

वऱ्हाडी_वाट
फारच उपयोगी. मग टी-१ ला उतरलो असं धरून वेळेचा हिशेब कोणी मांडून दाखवेल का? आणि बॅगा परस्पर लंडनच्या विमानात जातील का?

बोर्डिंगपास
आधी बॅगा. दोन स्वतंत्र तिकिटं, दोन वेगळ्या कंपन्या, म्हणजे बॅगा परस्पर जाणार नाहीत असंच धरून चला. मुंबईत पट्ट्यावरून उचलायच्या, टी-२ ला न्यायच्या, लंडनच्या काउंटरवर पुन्हा द्यायच्या. एकाच पीएनआरवर नागपूर-मुंबई-लंडन असतं तर नागपूरच्या काउंटरवर बॅगेला थेट लंडनचा टॅग लागू शकला असता. टॅग हातात आला की त्यावरचा शेवटचा तीन अक्षरी कोड वाचायचा. तो मुंबईचा असेल तर बॅग मुंबईतच घ्यायची आहे.

आता वेळ. विमान दुपारी ४ ला धावपट्टीवर टेकलं. पार्किंगपर्यंत रांगत येणं, उतरणं, टी-१ असेल तर बहुधा बसनं टर्मिनलपर्यंत, मग चार बॅगा: ४:५०. गाडी किंवा कोच मिळून टी-२ च्या दारात: ५:५०. दारावर सीआयएसएफचे जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतात, सामानाच्या ट्रॉल्या ढकलत रांग, काउंटर शोधणं: ६:२०. परदेशी उड्डाणाचे काउंटर बहुतेक कंपन्यांत ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतात, आणि ती मर्यादा वेब चेक-इन केलेल्यालाही बॅग देण्यासाठी लागू असते. म्हणजे कागदावर ७:३५ चं विमान गाठता येतं. पण नागपूरचं विमान तासभर उशिरा आलं की सगळं कोसळतं, आणि वेगळं तिकीट असल्यामुळे दुसरी कंपनी त्या उशिराची जबाबदार नसते. तिच्या लेखी तुम्ही "नो-शो", म्हणजे न आलेले प्रवासी.

माझं मत स्पष्ट आहे. स्वतंत्र तिकिटं आणि टर्मिनल बदल असेल तर किमान ५ तास, पावसाळ्यात ६. दोन्ही टी-२ वर असतील तर ४. वयस्कर मंडळी असताना यात तासाची काटकसर करू नये. पण फार आधीही पोचू नका. काउंटर साधारण ३ ते ४ तास आधीच उघडतात, त्याआधी चार बॅगा सांभाळत बसावं लागतं.

पार्लेपूर्व
कोचबद्दल. टर्मिनल बदलणाऱ्या प्रवाशांसाठी विमानतळाची कोच सेवा आहे, पुढच्या उड्डाणाचं तिकीट दाखवावं लागतं. टी-१ च्या आगमन भागातच चौकशी करा, बाहेर टॅक्सीच्या गर्दीत शिरल्यावर तो काउंटर सापडत नाही. चार बॅगा आणि दोन ज्येष्ठ असतील तर मी टॅक्सीच घ्यायला सांगेन. आगमन भागात प्रीपेड काउंटर आहे. चालकाला "एअरपोर्ट" म्हणू नका, "टी-२, डिपार्चर, वरचा मजला" एवढंच सांगा. टी-२ चं चेक-इन सर्वांत वर, चौथ्या मजल्यावर आहे, आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावरून येणारा सहार उन्नत मार्ग थेट तिथे वर चढतो. खालच्या रस्त्यानं आगमनाच्या बाजूला उतरवलं तर बॅगांसकट लिफ्ट शोधत फिरावं लागतं.

रिक्षा आणि दुचाकीला त्या उन्नत मार्गावर बंदी आहे. टी-१ ला पार्ले स्टेशनवरून रिक्षानं सहज जाता येतं. टी-२ ला रिक्षा खालच्या पातळीवरच सोडते.

मरोळनाका
मेट्रोचं कोणी लिहिलं नाही. अ‍ॅक्वा लाइन, म्हणजे मेट्रो ३, आता कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण सुरू आहे. विमानतळाचा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला, दक्षिणेकडचा शेवटचा तुकडा ऑक्टोबर २०२५ मध्ये. टी-१ आणि टी-२ दोघांनाही स्वतंत्र स्टेशन आहे, मधे एकच स्टेशन, सहार रोड. अंतर काही मिनिटांचं. संध्याकाळच्या गर्दीत टर्मिनल बदलायला याच्याइतकं भरवशाचं साधन नाही. हातात एकेक बॅग असेल तर टॅक्सीपेक्षा मी मेट्रोच सुचवेन.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

कफ परेड, सीएसएमटी, दादरकडून येताना टी-१ आधी लागतं, टी-२ नंतर. आरेकडून येताना उलट. डब्यात दोन्ही स्टेशनांची नावं जवळपास सारखीच ऐकू येतात, फरक फक्त शेवटच्या आकड्यात. आकडा ऐका.

"सहार रोड" ऐकून टी-२ समजून उतरू नका. सहार टर्मिनलचं स्टेशन ते नव्हे.

घाटकोपर-वर्सोवा मार्गावर, म्हणजे मेट्रो १ वर, "एअरपोर्ट रोड" नावाचं स्टेशन आहे. ते विमानतळाचं स्टेशन नाही, टी-२ तिथून बॅग ओढत जाण्याच्या अंतरावर नाही. घाटकोपरहून येणाऱ्यांनी त्याच्या आधी लागणाऱ्या मरोळ नाक्याला उतरायचं, तिथे अ‍ॅक्वा लाइन पकडायची, पुढचंच स्टेशन टी-२. वर्सोव्याकडून येणाऱ्यांना एअरपोर्ट रोड आधी लागतं, त्यांनी एक स्टेशन पुढे यायचं.

स्टेशन जमिनीखाली खोल आणि टी-२ चं चेक-इन चौथ्या मजल्यावर, तेव्हा लिफ्ट बदलत वर यायला पंधरा मिनिटं धरा. आणि मेट्रो रात्रभर नसते. पहाटे सहाच्या सुमारास सुरू, शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या सुमारास सुटतात. परदेशी विमानं मध्यरात्रीनंतर भरपूर, त्यामुळे जाताना मेट्रो चालली तरी पहाटे तीनला उतरल्यावर ती मिळणार नाही.

खालचीआळी
ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर. हे दोन तिकिटांच्या बाबतीत नीट समजून घ्या. व्हीलचेअर विमान कंपनी देते, विमानतळ नाही. निदान ४८ तास आधी दोन्ही कंपन्यांकडे वेगवेगळी मागणी नोंदवावी लागते. इंडिगोचा मदतनीस आगमनाच्या दारापर्यंत सोडेल, तिथे त्याचं काम संपलं. लंडनच्या कंपनीची खुर्ची टी-२ च्या प्रस्थानाच्या दारापाशी मिळेल. मधला टप्पा, म्हणजे टी-१ चं दार ते टी-२ चं दार, कोणाच्याच यादीत नाही. तेवढ्यापुरता घरचा किंवा ओळखीचा माणूस टी-१ बाहेर उभा राहील अशी व्यवस्था करा. एकाच पीएनआरवर प्रवास असता तर हा खड्डा पडला नसता. म्हणून मी तर म्हणेन, चार पैसे जास्त गेले तरी सत्तरीपुढच्यांना एकाच तिकिटावर पाठवा.

टी-२ वर चालणं खूप आहे. इमारतीचा आराखडा इंग्रजी एक्स अक्षरासारखा, मधे चेक-इन आणि सिक्युरिटी, चारी हातांवर गेटं. सिक्युरिटीनंतरही टोकाच्या गेटाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. घरात हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या माणसालाही इथे खुर्ची मागण्यात संकोच नको. टी-१ त्यामानानं लहान, दारापासून गेट जवळ, पण तिथून बरीच विमानं बसनं गाठावी लागतात आणि विमानाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघ्यांना कोणतं जड जाईल हे पाहून मागणी नोंदवताना "पायऱ्या चढता येत नाहीत" हे वेगळं सांगावं लागतं. नुसतं "व्हीलचेअर" लिहिलं तर पायऱ्यांपाशी अडचण येते.

धावपट्टी
गेटाचा विषय निघाला म्हणून. मुंबईत बोर्डिंगची घोषणा होत नाही, विमानतळ "सायलेंट" आहे. नावं पुकारतील म्हणून बसून राहू नका. पडद्यावर गेट नंबर पाहत राहा, तो बदलतोही. गेट विमान सुटण्याच्या २०-२५ मिनिटं आधी बंद होतं, बसचं गेट असेल तर त्याबाबत आणखी काटेकोर.

टी-२ वर एक वेगळा प्रकार कधीमधी समोर येतो. मुंबई-दिल्लीसारखा देशांतर्गत टप्पा काही वेळा परदेशी जाणाऱ्या विमानाचाच एक भाग असतो. तशा विमानानं फक्त दिल्लीपर्यंत जाणाऱ्यांनाही आंतरराष्ट्रीय भागातून जावं लागतं, बोर्डिंग पासवर तशी खूण करतात, दिल्लीत उतरल्यावर कस्टम्सच्या बाजूनं बाहेर काढतात. तिकिटावर फ्लाइट देशांतर्गत दिसते म्हणून दीड तास आधी पोचणारा इथे फसतो. काउंटरवर "आंतरराष्ट्रीय बाजूनं जा" म्हटलं तर गोंधळून वाद घालू नका, ते बरोबर सांगत असतात.

पनवेलपलीकडे
धाग्याच्या नावात नवी मुंबई आहे म्हणून लिहितो. हे तिसरं टर्मिनल नाही, वेगळं विमानतळ आहे. मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५, प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून. सध्या एक धावपट्टी, एक टर्मिनल, त्यामुळे आत "कोणतं टर्मिनल" हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो आधीचा.

तिकिटाच्या साइटवर "मुंबई" टाकलं की दोन्ही विमानतळांची उड्डाणं एकाच यादीत येतात, स्वस्त आधी. नागपूरहून येणारं स्वस्त विमान एनएमआयला आणि लंडनचं बीओएमवरून, असं जोडलं गेलं तर मधे ३५-४० किलोमीटरचा रस्ता येतो, खाडी ओलांडून. स्वतंत्र तिकिटांवर असं जोडूच नका. जाताना एका विमानतळावरून आणि परतताना दुसऱ्यावर, असं रिटर्न तिकीटही निघू शकतं. गाडी पार्किंगला लावून जाणाऱ्यांनी हे आवर्जून पाहावं.

पुण्याहून येणाऱ्यांना मात्र एनएमआय सोयीचं, एक्स्प्रेसवे उतरल्यावर मुंबईत शिरावंच लागत नाही. पुण्याच्या टॅक्सीला बुकिंग करताना विमानतळाचं नाव पूर्ण सांगा.

मांडवीकाठ
गोव्यात हा धडा आम्ही आधीच गिरवलाय. जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झालं आणि दाबोळीही चालू राहिलं. दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. एक वास्कोजवळ, एक पेडण्यात, मधे तिसवाडी-बार्देश हे अख्खे तालुके. मुंबईहून गोव्याला येणाऱ्यांनी दोन्ही टोकांना तपासावं: मुंबईत टी-१ की टी-२ की एनएमआय, आणि गोव्यात कोणता कोड. हॉटेल काणकोणला आणि विमान मोपाला, असं झालं तर टॅक्सीचं भाडं विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करतं. सावंतवाडी-कुडाळच्या माणसाला मात्र मोपाच जवळ.

मरोळनाका
माझ्या वरच्या प्रतिसादातला मेट्रो १ चा भाग पुन्हा एकदा. सरळ लिहितो. घाटकोपरकडून: ... मरोळ नाका, मग एअरपोर्ट रोड. मरोळ नाक्याला उतरा. वर्सोव्याकडून: ... एअरपोर्ट रोड, मग मरोळ नाका. तरीही मरोळ नाक्यालाच उतरा.

वऱ्हाडी_वाट
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न परतीचा. लंडनहून परत येतानाचं तिकीट एकाच पीएनआरवर मिळतंय, लंडन-मुंबई-नागपूर, एकाच कंपनीचं. तेव्हा बॅगा थेट नागपूरला ना?

बोर्डिंगपास
जाताना आणि येताना नियम सारखा नाही, इथे फार लोक चुकतात. परदेशातून येताना भारतात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे इमिग्रेशन आणि कस्टम्स. लंडनच्या काउंटरवर बॅगेला नागपूरचा टॅग लागला तरी सर्वसाधारणपणे मुंबईत पट्ट्यावरून ती स्वतः उचलायची, कस्टम्समधून न्यायची, आणि पलीकडच्या ट्रान्सफर काउंटरवर परत द्यायची. कंपनीनं वेगळं स्पष्ट सांगितलं नसेल तर हाच क्रम. टॅगवर नागपूर आहे म्हणून पट्ट्याकडे न बघता पुढे निघून गेलात तर तुम्ही नागपूरला आणि बॅग सहारला.

बॅग हातात येते त्याचा एक फायदा घ्या. ड्यूटी-फ्रीची बाटली, परफ्यूम, मोठी क्रीमची बरणी, जे काही १०० मिलिलिटरच्या वर आहे ते ट्रान्सफर काउंटरला बॅग देण्याआधी तिच्यात टाका. पुढच्या देशांतर्गत सिक्युरिटीला हातातल्या सामानात ते अडू शकतं. बॅगेचं कुलूप आणि थोडी मोकळी जागा त्यासाठीच ठेवायची. कपड्यांत नीट गुंडाळा.

आणि परतीच्या तिकिटावरही मुंबई-नागपूर टप्प्याचं टर्मिनल वाचा. टी-२ असेल तर इमारत न सोडता वर जाता येतं. टी-१ असेल तर ट्रान्सफर काउंटरवर आधी तेच विचारा, कोच कुठून सुटतो आणि बॅग इथे घ्याल की टी-१ ला द्यायची. एकाच तिकिटावर असाल तर हे सांगणं त्यांचं काम आहे.

खालचीआळी
परतीच्या रांगेसाठी अजून एक. इमिग्रेशनच्या स्वयंचलित दारांची एफटीआय-टीटीपी योजना मुंबईत जानेवारी २०२५ पासून आहे, भारतीय पासपोर्टधारक आणि ओसीआय कार्डधारकांसाठी (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक). आधी ऑनलाइन अर्ज, मग बोटांचे ठसे आणि चेहरा एकदा द्यायचा, नोंदणी ५ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी असेल ते. पहाटे पाच-सहा विमानं एकदम उतरतात तेव्हा रांगेतला बराच वेळ वाचतो. डिजियात्रा (चेहरा ओळखून विमानतळात सोडणारी सोय) वेगळी, ती देशांतर्गत प्रवासासाठी. मुंबई-नागपूर टप्प्याला चालेल, लंडनच्या विमानाला नाही. दोघांची गल्लत करू नका.

व्हीलचेअर परतीलाही नोंदवा, तीसुद्धा दोन्ही टप्प्यांसाठी. एकच पीएनआर असला तरी पहिल्या टप्प्यावरची नोंद दुसऱ्यावर आपोआप उतरतेच असं नाही. ॲपमध्ये दोन्ही उड्डाणांसमोर खुर्चीची खूण दिसतेय का ते पाहा, नसेल तर फोन करा.